वस्तीत जाऊन एचआयव्ही तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या टीआय प्रकल्पांचे (जास्त जोखमीच्या गटांत एचआयव्ही रोखण्याचं काम करणारे प्रकल्प) पीअर (त्याच समाजातले कार्यकर्ते), ओआरडब्ल्यू (वस्तीत फिरणारे कार्यकर्ते), समुपदेशक आणि तपासणी वस्तीत न्यायची असं नव्यानं ठरवलेल्या संस्था यांना पडणारे हे प्रश्न आहेत. शेवटचे काही प्रश्न तपासून घेणाऱ्यांचे आहेत.

सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत आहे. मग वस्तीत कशाला जायचं?

आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) पैसे लागत नाहीत हे बहुतेकांना ठाऊक असतं. अडतं ते वेळेवर आणि लोकांच्या नजरेवर. बुधवार पेठेतली किंवा नागपूरच्या गंगा-जमुनातली बाई पहाटे झोपते आणि ती उठते तोवर केसपेपरची खिडकी बंद व्हायला आलेली असते. ट्रकवाला माल भरलेली गाडी सोडून जाऊ शकत नाही. तृतीयपंथीयांपुढे पहिला प्रश्न असतो तो बायकांच्या रांगेत उभं राहायचं की पुरुषांच्या. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या एमएसएम (पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या) मुलाची भीती वेगळीच असते, कारण तिथला कर्मचारी त्याच्या आत्याचा शेजारी निघू शकतो.

देशात प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. २०२१ च्या सर्वेक्षणात ते लैंगिक व्यवसाय करणाऱ्या महिलांमध्ये १.८५, एमएसएममध्ये ३.२६, तृतीयपंथीयांमध्ये ३.७८ आणि सुईनं नशा करणाऱ्यांमध्ये ९.०३ टक्के आढळलं. म्हणजे ज्यांना गरज जास्त, त्यांनाच केंद्र लांब पडतं. ९५-९५-९५ या उद्दिष्टात (लागण झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांना ती माहीत, त्यांतल्या ९५ टक्क्यांना उपचार, त्यांतल्या ९५ टक्क्यांचा विषाणू दबलेला) २०२३ साली भारत ८१-८८-९७ वर होता. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये विषाणू दबण्याचं प्रमाण उत्तम आहे, पण आपल्याला लागण झाली आहे हे माहीत असणाऱ्यांचा पहिला आकडाच सगळ्यात मागे आहे.

तपासणी कोण करू शकतं? लॅब टेक्निशियन लागतोच का?

प्राथमिक तपासणीला लागत नाही. बोटाच्या रक्तावरची जलद चाचणी प्रशिक्षित बिगर-वैद्यकीय कार्यकर्ता करू शकतो, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्येच केली आहे. आपल्याकडे नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) समुदाय-आधारित तपासणीत एएनएम (परिचारिका), समुपदेशक किंवा प्रशिक्षण घेतलेला ओआरडब्ल्यू हे काम करतो. निदान पक्कं करण्याचं काम मात्र आयसीटीसीतच होतं.

त्यामुळे पहिलं पाऊल किट मिळवण्याचं नाही, एखाद्या आयसीटीसीशी आणि जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण कक्षाशी जोडून घेण्याचं आहे. मुंबई महापालिका हद्दीत मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था आणि बाकी राज्यात महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था पाहते. किट, नोंदवह्या आणि प्रशिक्षण त्याच वाटेनं यावं. बाजारातून स्वस्त किट आणून ‘शिबिर’ उरकणारे भेटतात. त्यांच्याकडे रिअॅक्टिव्ह आलेल्या (पहिल्या चाचणीत रेघ उमटलेल्या) माणसाला न्यायला जागाच नसते.

‘स्वेच्छेनं’ म्हणजे नेमकं काय? सही घेतली की झालं?

नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय तपासणी करू नये आणि तपासणीच्या आधी व नंतर समुपदेशन व्हावं, असं तो सांगतो.

प्रत्यक्षात गडबड होते ती अशी. घरवाली (कुंटणखाना चालवणारी) म्हणते, “माझ्या सगळ्या मुली बसवते लाइनीत, घ्या तपासून.” डेऱ्यावर (तृतीयपंथीयांच्या घरी) गुरूनं सांगितलं की चेले बसतात. ट्रान्सपोर्टचा मालक ड्रायव्हरांना पाठवून देतो आणि संध्याकाळी यादी मागतो. तिन्ही ठिकाणी तक्ता भरतो, संमती मात्र मिळालेली नसते. घरवालीला किंवा गुरूला विश्वासात घ्यायचं ते जागेसाठी आणि प्रवेशासाठी. पुढचं बोलणं प्रत्येकाशी एकट्यानं, दार लोटून. तिथे हे वाक्य यायलाच हवं : “आज नको असेल तर नको. कंडोम, गुप्तरोगाची औषधं, सगळं तसंही मिळेल. बाहेर कुणाला कळणार नाही की तुम्ही नाही म्हणालात.” नकार देणाऱ्यालाही आत तेवढाच वेळ बसवून ठेवा, म्हणजे बाहेरच्यांना फरक कळत नाही.

साडी, डबा किंवा किराणा तपासणीला बांधू नका. साडीसाठी आलेली बाई पुढच्या महिन्यात दुसऱ्या शिबिरात दुसऱ्या नावानं बसते. आकडा दुप्पट दिसतो, नवं माणूस एकही नसतं. चहा-बिस्किटं ठेवा, पण तपासणी करो न करो, सगळ्यांना.

१८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते. वस्तीत अल्पवयीन मुलगी आढळली तर तो तपासणीचा विषय राहत नाही. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवून बालकल्याण समितीकडे जायचं.

शिबिराची वेळ कोणती ठेवावी?

लैंगिक व्यवसायाच्या वस्तीत दुपारी बारा ते चार. बायका उठून, आंघोळ-जेवण करून मोकळ्या असतात आणि गिऱ्हाईक सुरू झालेलं नसतं. ट्रक टर्मिनलवर संध्याकाळी सहा ते नऊ, स्वयंपाकाच्या आधी. डेऱ्यावर बस्ती (दुकानोदुकानी पैसे) मागायला जायचे दिवस सोडून, आदल्या दिवशी विचारून. यल्लम्माच्या जत्रेच्या दिवसांत सांगली-कोल्हापूरकडच्या वस्त्या निम्म्या रिकाम्या असतात, तेव्हा शिबिर ठेवून ‘प्रतिसाद नाही’ असा अहवाल लिहू नये.

एका दिवसात किती जणांची तपासणी करता येते?

हिशोब करा. तपासणीआधीचं बोलणं दहा मिनिटं, निकाल सांगून पुढचं बोलणं आणखी दहा. म्हणजे एका समुपदेशकाचे माणशी वीस मिनिटं. चार तासांत बारा माणसं. दोन समुपदेशक असतील तर चोवीस. मधला किटचा वेळ यात धरलेला नाही, कारण तेवढ्यात पुढच्या माणसाशी बोलता येतं. दोन समुपदेशकांनी ‘एका दिवसात दोनशे’ असा अहवाल दिला तर टोचणं झालेलं असेल, बोलणं झालेलं नसतं.

सोबत काय काय न्यायचं?

चोवीस जणांसाठी : २८ किट (बाद होणाऱ्यांसह), ३० एकदाच वापरायच्या लॅन्सेट, किटसोबतच्या तेवढ्याच रक्तनळ्या किंवा ड्रॉपर, त्याच लॉटचं (किटच्याच खेपेतलं) बफर (रक्तावर टाकायचा द्रव), स्पिरिटचे स्वॅब, कोरडा कापूस, प्रत्येक माणसाला नवी हातमोज्यांची जोडी, दोन टायमर (मोबाइल नको, मध्येच फोन येतो), काचेवर लिहिणारं मार्कर, थर्मामीटर असलेली बर्फाच्या पॅकची पेटी, चांगला दिवा. टोचल्यावर लॅन्सेट लगेच टाकायला पांढरा, टोचून न फुटणारा डबा हवा. तो पाऊण भरला की बंद करायचा. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि प्लॅस्टिक लाल पिशवीत. पिशव्या वस्तीच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, जोडलेल्या रुग्णालयात परत न्यायच्या.

बोट टोचायची बरोबर पद्धत कोणती?

आधी स्ट्रिपवर कोड नंबर आणि सुरू करायची वेळ लिहा. रक्त टाकल्यावर लिहू म्हटलं की तीन स्ट्रिप शेजारी शेजारी येतात आणि कुठली कुणाची हे कळत नाही.

मधलं किंवा अनामिका बोट घ्या. हात थंड असेल तर कोमट पाण्यानं धुवायला सांगा आणि थोडा वेळ खाली लोंबू द्या. स्पिरिटनं पुसा आणि पूर्ण वाळू द्या, फुंकर मारायची नाही. टोचायचं ते बोटाच्या पेराच्या कडेला, मध्यभागी नाही, कारण मधे जास्त दुखतं आणि दिवसभर भांडी घासणारीला ते चार दिवस आठवतं. पहिला थेंब कोरड्या कापसानं पुसा. दुसरा थेंब मोठा होऊ द्या, नळीचं टोक त्याला आडवं टेकवा, रक्त आपसूक वर चढतं. खुणेपर्यंत भरलं की स्ट्रिपच्या खोलगट जागेत सोडा आणि बफरची बाटली उभी धरून किटच्या कागदावर लिहिलेत तेवढेच थेंब टाका. टायमर लावा.

निकाल बिघडतो तो कशामुळे?

बोट पिळल्यानं. रक्ताबरोबर पेशींमधल्या जागेतलं पाणी येतं आणि नमुना पातळ होतो. ओल्या स्पिरिटवर टोचल्यानं रक्तपेशी फुटतात आणि पट्टी लालभडक होते. नळी खुणेच्या वर भरली तरी तेच होतं, मागची पार्श्वभूमी साफ होत नाही.

बफर हे सगळ्यात दुर्लक्षित प्रकरण आहे. एका लॉटचं संपलं म्हणून दुसऱ्या लॉटचं किंवा दुसऱ्याच कंपनीचं वापरलं जातं. कुणी सलाइन टाकतं. कंट्रोल रेघ उमटते, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण कंट्रोल रेघ एवढंच सांगते की द्रव पट्टीवरून पुढे गेला. बफर चुकीचं होतं किंवा किट उन्हात शेकलं होतं, हे ती सांगत नाही.

तापमानाचंही तसंच. बऱ्याच किटची मर्यादा २ ते ३० अंश असते, काहींची २ ते ८. मे महिन्यात अकोल्यात बंद गाडीच्या डिकीत किट ठेवलं की तासाभरात ती मर्यादा कधीच मागे पडते. उलट फ्रिजमधून काढून लगेच पाकीट फोडलं तर पट्टीवर दव धरतं. अर्धा तास बाहेर ठेवून मग फोडा. पावसाळ्यात चार पाकिटं आधीच फोडून मांडून ठेवायची सवय तोडा. आतली सिलिका जेलची पुडी निळ्याची गुलाबी झालेली दिसली तर ते किट बाजूला.

आणि घाई. किटवर वीस मिनिटं लिहिलं असेल तर बारा मिनिटांत ‘काही नाही’ म्हणून मोकळं व्हायचं नाही. दिलेल्या मुदतीनंतर वाचायचंही नाही, वाळत्या पट्टीवर खोटी रेघ दिसू शकते.

रेघ अगदी फिकट आली आहे. काय धरायचं?

रिअॅक्टिव्ह. रेघ किती गडद हा प्रश्नच नाही, आहे की नाही एवढंच. संध्याकाळी मिणमिणत्या दिव्याखाली फिकट रेघ सुटते, म्हणून दिवा सोबत ठेवा. कंट्रोल रेघच नसेल तर निकाल बाद, नव्या स्ट्रिपवर पुन्हा. लागोपाठ दोन बाद आले तर तो लॉट थांबवा आणि आयसीटीसीला कळवा.

रिअॅक्टिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह नाही, असं का सांगता? घाबरू नये म्हणून?

नाही, हिशोबच तसा आहे. समजा चाचणी निरोगी माणसांपैकी ९९ टक्क्यांना बरोबर ‘नाही’ म्हणते. हजार लोकांत ५ जणांना लागण असेल तर ते ५ सापडतील, पण उरलेल्या ९९५ पैकी १ टक्का म्हणजे दहा जणही चुकून रिअॅक्टिव्ह दिसतील. पंधरांत दहा खोटे. त्याच हजारांत ५० जणांना लागण असेल तर खरे ५० आणि खोटे नऊ-दहा. प्रमाण कमी तितकी एका चाचणीची खात्री कमी. म्हणून लक्षणं नसलेल्या माणसाचं निदान आयसीटीसीत तीन वेगवेगळ्या तत्त्वांच्या किंवा प्रतिजनांच्या (विषाणूच्या घटकांच्या) किटवर होतं आणि तिन्ही रिअॅक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. निकाल एकमेकांशी जुळले नाहीत तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतात.

मग रिअॅक्टिव्ह आलेल्या माणसाला कसं सांगायचं आणि पुढे काय करायचं?

‘पॉझिटिव्ह’ हा शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही. “या चाचणीत काहीतरी दिसतंय. ते तेच आहे का हे हातातून रक्त घेऊन आणखी तपासावं लागेल. मी सोबत येतो.” एवढं पुरतं. चिठ्ठी देऊन ‘उद्या जा’ म्हणणं म्हणजे माणूस गमावणं. शक्य असेल तर त्याच दिवशी रिक्षात बसून आयसीटीसीत जा. केंद्र बंद झालं असेल तर सकाळची वेळ, पीअरचं नाव आणि भेटायची जागा ठरवूनच उठा. जाण्याचं भाडं प्रकल्पातून द्या. साडी आणि हे भाडं यात फरक आहे. भाडं अडथळा दूर करतं, साडी होकार विकत घेते.

एक चूक फार होते. निगेटिव्ह आलेला पाच मिनिटांत बाहेर येतो आणि रिअॅक्टिव्ह आलेली बाई चाळीस मिनिटांनी, डोळे पुसत. बाहेर बसलेल्यांना आणखी काही सांगावं लागत नाही. म्हणून निकालानंतरचं बोलणं सगळ्यांशी सारखाच वेळ करा आणि लांबणारी चर्चा दुसऱ्या दिवशीवर न्या. खोलीला दुसरं दार असेल तर सोन्याहून पिवळं.

दर सहा महिन्यांनी त्याच त्या लोकांची तपासणी होते. नवे कुठून आणायचे?

टीआयमध्ये एका पीअरकडे साधारण साठ माणसांची यादी असते आणि तपासणी त्याच यादीत फिरते. यादीतली माणसं वर्षानुवर्षं कंडोम वापरतात, म्हणून रिअॅक्टिव्हही कमी निघतात. यादीबाहेरच्यांकडे यादीतल्यांच्याच हातून जावं लागतं. ज्याची तपासणी झाली त्याला तीन चिठ्ठ्या द्या, त्यानं ओळखीतल्या तीन जणांना द्याव्यात. चिठ्ठीवर एचआयव्ही हा शब्द नसावा, फक्त जागा, वेळ आणि क्रमांक. नव्यानं निदान झालेल्याच्या जोडीदारांची तपासणी ही दुसरी वाट, पण ती त्याच्या मर्जीनं. डेटिंग अॅपवरून भेटणारी मुलं हॉटस्पॉटवर (जोडीदार भेटायच्या ठरलेल्या जागी) कधीच येत नाहीत, त्यांच्याशी अॅपवरच बोलणारा पीअर लागतो.

दर महिन्याला एक आकडा पाहा : तपासलेल्या शंभरांत आयुष्यात पहिल्यांदाच तपासून घेणारे किती? तो पाचावर आला असेल तर तुम्ही यादीच दळत आहात.

एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्या) सुरू असलेला माणूसही तपासायला बसतो. का?

कारण पीअरसमोर ‘मला आधीपासून आहे’ म्हणायचं नसतं. तपासणीआधीच्या बोलण्यात एकट्यानं विचारा : “सध्या काही गोळ्या रोज चालू आहेत का?” असतील तर टोचू नका. बराच काळ गोळ्या घेणाऱ्याची जलद चाचणी क्वचित नॉन-रिअॅक्टिव्ह येऊ शकते आणि ‘मी बरा झालो’ म्हणून गोळ्या सुटतात.

ऊसतोड कामगारांची तपासणी करायची तर?

ऑक्टोबर-नोव्हेंबरला बीडकडून टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. फडावर दिवसा जाऊ नका, कोयता (ऊस तोडणारं जोडपं) उचलीवर (आगाऊ घेतलेल्या रकमेवर) चालतो, एक खाडा झाला की मुकादम हिशोबात धरतो. संध्याकाळी कोप्यांवर (राहायच्या झोपड्यांवर) जा. मुकादमाच्या हातात यादी द्यायची नाही. रिअॅक्टिव्ह आलेल्याला विचारा की पक्की तपासणी कारखान्याजवळ करायची की गावाकडे. गावाकडे म्हणाला तर तिथल्या आयसीटीसीला तुम्हीच फोन लावा.

जोडीदाराला तुम्ही सांगणार का?

तपासून घेणारे हेच आधी विचारतात. तुमची माहिती तुमच्या लेखी संमतीशिवाय उघड करता येत नाही. जोडीदाराबाबत एक मर्यादित अपवाद कायद्यात आहे : जोडीदाराला लागण होण्याचा मोठा धोका असेल, समुपदेशन करूनही तुम्ही सांगत नसाल, तर तुम्हाला तशी पूर्वकल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतो. पीअर किंवा ओआरडब्ल्यूला तो अधिकार नाही. सांगितल्यावर मारहाण होईल अशी भीती असलेल्या बाईला मात्र जोडीदाराला सांगण्याची सक्ती नाही.

नाव फुटलं, कामावरून काढलं, उपचार नाकारले तर या कायद्याखाली राज्यानं नेमलेल्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

काल रात्री कंडोम फाटला. आज तपासू का?

आज तपासून कालचं कळणार नाही. बहुतेकांची जलद चाचणी तीन-चार आठवड्यांनंतर बोलू लागते, खात्रीचा निकाल तीन महिन्यांनी. आज करायचं ते वेगळं : ७२ तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर, सरकारी रुग्णालयात पीईपी (लागण टाळायच्या गोळ्या) मागा. गोळ्या २८ दिवस घ्यायच्या असतात. टोचताना लॅन्सेट लागलेल्या कार्यकर्त्यालाही हेच लागू, साबण-पाण्यानं धुवायचं, पिळायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही. जोखीम चालूच असेल तर दर सहा महिन्यांनी तपासा.

घरी किट मागवून केलं तर चालेल?

एकट्यानं करायची चाचणी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ पासून मान्य केली आहे. पण नियम तोच. रेघ आली तर आयसीटीसी. नाही आली पण तीन महिन्यांत जोखीम झाली असेल तर पुन्हा. दुकानातून घेतलेल्या किटवर मुदत आणि तापमान नीट पाहा. शंका असेल तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा, तो मोफत आहे.

पॉझिटिव्ह निघालं तर गोळ्या कधी सुरू होतात? गावी गेलो तर काय?

२०१७ पासून सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कितीही असो, उपचार सुरू होतात. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं यांपैकी काही असेल तर आधी टीबी तपासतात. नसेल आणि माणसाची तयारी असेल तर त्याच दिवशीही सुरू करता येतात. बहुतेकांना टीएलडीची (तीन औषधं एकत्र असलेली) दिवसाला एक गोळी असते. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) तपासतात सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात, मग वर्षाला एकदा. तो आढळण्याच्या पातळीखाली टिकला तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा. लग्नाचं काय, या प्रश्नानं गप्प झालेला माणूस त्यानंतर बोलू लागतो.

तब्येत स्थिर असलेल्यांना एका वेळी तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या मिळतात. त्याहून जास्त काळ बाहेर राहायचं असेल तर एआरटी सेंटरमधून बदलीचं पत्र घेऊन निघा. पत्र राहिलं असेल तरी हिरवी पुस्तिका घेऊन जवळच्या सेंटरला जा आणि जुन्या सेंटरला तिथूनच फोन लावायला सांगा. पुस्तिकेच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायचा नसेल तर नोंदणी क्रमांक तरी कुठेतरी लिहून ठेवा.